रोमच्या विधवा आणि आमचं हळदीकुंकू

ग्रुपवरच्या बायांनो, आज वडप्याला जावेकडं हळदीकुंकू झालं. मी विधवा, म्हणून कुंकू सोडून फक्त तिळगूळ वाटायचं काम माझं.

जावेची पोरगी सुजू मुंबईला कॉलेजात लॅटिन शिकते, रोमन लोकांची जुनी भाषा. बायांनी विचारलं, त्यात काय असतं गं?

"तिकडं नवरा गेला की बाई दहा महिने दुखवटा पाळायची, मग खुशाल दुसरं लग्न करायची."

मी दिराला, सुजूच्या बापाला, हाक मारली. "भावजी, मला तर सहा वर्षं झाली. बघा की एखादा रोमन."

बाया पोट धरून हसल्या. दीर हसले न्हाय.

"हेच शिकवतात काय? कॉलेज बंद हिचं. वैशाखात उजवून टाकतो."

सुजू माझ्याकडं बघतच राहिली.

नवरा मागितला मी, मिळणार तिला. तुमच्याकडं एकीच्या थट्टेची शिक्षा कोण भोगतं?