मामंजींचा कोपरा

"तुम्ही काय काम करता?" असं कोणी सतराबाईंना विचारलं की त्यांचा नवरा घाईघाईने मध्ये तोंड घालायचा आणि म्हणायचा, "लॅबमध्ये असते ती." कसली लॅब, ते सांगायचा नाही. स्कूल बस चालवणारा हा गृहस्थ रोज चाळीस पोरांचा कलकलाट हसत सहन करी, पण चारचौघांत बायकोच्या कामाचा विषय निघाला की त्याचे कान लाल होत. बाईंना मात्र कसली लाज नव्हती. "डुकरांचं वीर्य सांभाळते," असं त्या सांगून मोकळ्या होत, आणि समोरच्याचा चहाचा कप ओठांपाशी अडला की मनातून खूश होत.

एकोणीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. वराह पैदास केंद्राच्या मागच्या बाजूला त्यांची खोली होती. खिडकीला जाड पडदा, ओट्यावर मायक्रोस्कोप, भिंतीला लागून उभं थंड कपाट. नराचा नमुना आला की तो पोषक द्रावणात मिसळायचा, तेही द्रावण नमुन्याइतकंच कोमट असेल तरच. मग एकेका डोसच्या छोट्या पिशव्यांत भरून, डुकरं पाळणारे घेऊन जाईपर्यंत कपाटात ठेवायचा. गाईबैलांच्या जातीत वीर्य गोठवलं तरी वर्षानुवर्षं टिकतं, डुकराच्या वीर्याचे मात्र नखरे फार. फार गारठलं की मरतं, तापलं की मरतं, ऊन लागलं की मरतं, गाडीत हिसके बसले की दमतं आणि द्रावणाच्या पाण्यात जरा घाण असली की तिसऱ्या दिवशी मान टाकतं. त्याला लागतात सतरा अंश, जास्त नको नि कमीही नको. बाई दिवसातून तीनदा कपाटातल्या थर्मामीटरकडे बघून मोठ्याने "सतरा!" म्हणत. म्हणूनच त्यांचं नाव सतराबाई पडलं, आणि त्यांचं खरं नाव आता पगाराच्या कागदावरच उरलं होतं.

केंद्रात नऊ नर होते. त्यातला सगळ्यात थोराड म्हणजे मामंजी. कोणीही जवळून गेलं की घशातून नापसंतीचा हुंकार काढायचा, म्हणून बाईंनीच त्याला हे सासऱ्याचं नाव दिलं होतं. तोंडाचा फटकळ, पण मनाचा मऊ. दोन वर्षांपूर्वी बाई त्याच्या गोठ्यात साबणाच्या पाण्यावरून घसरून सपशेल आडव्या झाल्या. अडीचशे किलोचं ते धूड वीतभर अंतरावर उभं होतं. त्याने एक पाय जरी पुढे टाकला असता तरी बाईंच्या बरगड्यांचं काही खरं नव्हतं. मामंजीने त्यांचा कान हुंगला आणि नरांची देखभाल करणारा पहिलवान धावत येईपर्यंत जागचा हलला नाही. (पहिलवान म्हणजे काडीसारखा माणूस. नावं ठेवण्यात केंद्रातल्यांचा हात कोणी धरू शकत नसे.) त्या दिवसापासून बाईंचा मामंजीवर जीव जडला तो जडलाच.

आणि त्याच मामंजीच्या नावाची चिठ्ठी सोमवारी सकाळी केंद्राच्या साहेबाने फाडली.

साहेब वाईट माणूस नव्हता. कागदावरचे आकडे त्याला दिसत, जनावर जरा उशिरा दिसे, इतकंच. तो म्हणाला, "बाई, तीन महिन्यांत चार जणांची तक्रार आली. याचा डोस वापरला की डुकरिणी गाभण राहत नाहीत. काल ती बारा डुकरिणींवाली तर फोनवर माझ्या अंगावरच आली."

"पण साहेब, ताजा नमुना बघा ना. नव्वद टक्के शुक्राणू पळत असतात."

"ताजा ठीकच असतो हो. तिसऱ्या दिवशी बघा. निम्मेसुद्धा जिवंत नसतात. म्हातारा झाला, दम टिकत नाही त्याचा. शुक्रवारी गाडी येईल."

गाडी कुठे जाते हे सांगायची गरज नव्हती. कत्तलखान्याचा रस्ता सगळ्यांनाच ठाऊक होता. "शुक्रवारपर्यंत तरी वेळ द्या," एवढंच बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरी त्यांचं कशात लक्ष नव्हतं. नवरा फ्रिज उघडून कुरकुरत होता.

"झाली पुन्हा दगड! किती वेळा सांगितलं, काकडी पार मागे ढकलत जाऊ नकोस म्हणून. पुढे सगळं ठीक असतं आणि मागे गोठतं."

"हं," बाई म्हणाल्या. मग ताडकन उठल्या, त्याच्या हातातली काकडी घेतली आणि दिव्याखाली धरून बघत राहिल्या. नवऱ्याला वाटलं, आता ही काकडी आपल्याच डोक्यात बसणार.

पण त्या स्वतःलाच शिव्या घालत होत्या. जुन्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीचा मागचा कोपरा म्हणजे उत्तम जागा होती. दार कितीदाही उघडा, तिथला गारवा हलायचा नाही. ती जागा बाईंनी मामंजीसाठी राखून ठेवली होती. बाकीच्यांच्या पिशव्या मिळेल तिथे, मामंजीच्या मात्र तिथेच. तीन महिन्यांपूर्वी नवं कपाट आलं, तेव्हाही त्यांनी डोळे झाकून त्याला तोच कोपरा दिला. थर्मामीटर होतं मधल्या फळीवर, आणि तिथे रोज सतरा अंश असायचे.

मंगळवारी कामावर आल्या आल्या त्यांनी दुसरं थर्मामीटर त्या कोपऱ्यात ठेवलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर बारा. गार हवेचा झोत सोडणारा पंखा नेमका त्याच कोपऱ्यामागे होता.

नुसतं बारा दाखवून भागणार नव्हतं. साहेब म्हणाला असता, असेल गार, पण म्हातारा तो म्हाताराच. त्यामुळे बाईंनी त्याच दिवशी मामंजीचा नमुना घेतला आणि साहेबाच्या लाडक्या नव्या तरण्या नराचाही घेतला. दोन्ही नमुने अर्धे अर्धे केले. एकेक अर्धा मधल्या फळीवर, एकेक अर्धा कोपऱ्यात. पुढचे तीन दिवस, शुक्राणू तळाशी बसू नयेत म्हणून, पहिलवान आणि त्या आळीपाळीने पिशव्या उलटत राहिले.

शुक्रवारी सकाळी फाटकात गाडी येऊन उभी राहिली. बाईंनी साहेबाला हाताला धरून नेलं नाही एवढंच. काचपट्ट्या गरम करून मायक्रोस्कोपखाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "बघा."

पहिली पट्टी कोपऱ्यातली, मामंजीची. बहुतेक सगळं निपचित. साहेबाने खांदे उडवले. दुसरीही कोपऱ्यातलीच, पण तरण्या नराची. तीही तशीच निपचित. साहेबाने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग तिसरी पट्टी आली, मधल्या फळीवरची, मामंजीची. शाळा सुटल्यावर पोरं फाटकातून उधळावीत तसे शुक्राणू पळत होते. साहेब बराच वेळ वाकून राहिला. चौथी पट्टी त्याने मागितलीसुद्धा नाही.

"म्हणजे कपाट बिघडलंय?"

"कपाट ठीक आहे. तो एक कोपरा फार गार होतो. बारा अंश."

"मग त्या कोपऱ्यात नेमक्या याच्याच पिशव्या कशा गेल्या?"

पहिलवान खाली मान घालून उभा होता. संध्याकाळी पिशव्या बऱ्याचदा तोच हलवायचा, त्यामुळे आळ यायचा तर त्याच्यावरच येणार होता. बाईंनी पदर सावरला. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून डोस वाया गेल्याची एकही नोंद नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता.

"मी ठेवल्या," त्या म्हणाल्या. "तीन महिने, रोज. जुन्या कपाटात ती सगळ्यात चांगली जागा होती, म्हणून लाडाने त्याला दिली. नव्यात तपासून बघायला हवं होतं. नाही बघितलं. मला काय बोलायचं ते बोला साहेब, पण माझ्या चुकीसाठी त्याला गाडीत घालू नका."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. साहेबाने खिडकीचा पडदा जरासा सारला, बाहेर पाहिलं आणि लगेच परत ओढला. उजेड आत यायला नको, हे त्यालाही माहीत होतं.

"पहिलवान, त्या माणसाला चहा पाज आणि परत पाठव." मग बाईंकडे वळून तो म्हणाला, "आणि त्या चौघांना फोन तुम्ही करायचे. चूक कोणाची तेही सांगायचं."

बाईंनी फोन केले. तिघांनी ऐकून घेतलं. बारा डुकरिणींवालीने मात्र आधी मनसोक्त तोंडसुख घेतलं आणि मग दम खाऊन विचारलं, "म्हणजे तो म्हातारा चांगला आहे?"

"तो चांगलाच आहे हो. चुकले मी."

"पाठवा मग त्याचाच डोस. बघू."

डुकरीण गाभण राहिली की तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस मोजायचे. बाई मोजत होत्या. थर्मामीटर आता तीन झाले होते, प्रत्येक फळीवर एक, त्यामुळे "सतरा!" दिवसातून नऊदा ऐकू येई. घरी नवऱ्याचीही भीड चेपली होती. पाहुण्यांसमोर तो आपणहून सांगायचा, "ही डुकरांचं वीर्य सांभाळते. पण खरा शोध माझा आहे. काकडी मीच काढली होती." हे ऐकून बाई डोळे वटारायच्या आणि तो जास्तच रंगात यायचा.

हिशेबाने बरोबर दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडे डुकरिणीची घुरघुर आणि चिंचिं असा एकच गोंधळ चालला होता.

"बाई, तेरा!" बारा डुकरिणींवाली ओरडत होती. "तेरा पिल्लं! ऐकताय ना?"

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. त्या कपाटाला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे पुसले. बाहेर गोठ्यात मामंजी कोणावर तरी हुंकारत होता.

"बारा धडधाकट आहेत," पलीकडून आवाज आला. "तेरावं जरा नाजूक आहे. त्याला धक्के लागू नयेत म्हणून मी मागच्या कोपऱ्यात वेगळं ठेवलंय, पोतं घालून."

बाई एकदम ताठ झाल्या.

"कोपऱ्यात नको, ताई. आत्ताच्या आत्ता उचला. मध्ये ठेवा, सगळ्यांच्यात," त्या म्हणाल्या. "आणि तिथे किती ऊब आहे, ते आधी हात लावून बघा."