कोऱ्या भिंतीवरची एक रेघ

३ ऑक्टोबर, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. नालछा गावात चुना दिलेल्या भिंतीवर एक अनोळखी बाई गेरूच्या फडक्याने, आखणीच्या दोरीविना, एकच आडवी रेघ ओढत होती. माझा हात थरथरतो म्हणून प्रयोगशाळेतली माझी जागा जाण्याच्या बेतात होती; ते प्रात्यक्षिक परीक्षेत ठरणार होते. मी तिच्या रेघेला फुटपट्टी लावली: विचलन दोन मिलिमीटर.

ती हसली. “पट्टी रख दो, बेन. लकीर नी, कोरी भींत देखो. हाथ आप थम जाए.”

रेघेकडे नव्हे, कोऱ्या भिंतीकडे बघायचे; हात आपोआप स्थिरावतो, असे तिचे म्हणणे. फडके पिळून ती बराच वेळ भिंतीकडे नुसती पाहत राहिली. दुसरे काहीच काढले नाही.

तेव्हापासून मी रोज लांब, कोऱ्या कागदासमोर पाच मिनिटे बसते, मगच रेघ ओढते. माझे पहिल्या दिवशीचे विचलन अकरा मिलिमीटर. आज, प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी, तीन.