तपासणीचा रांजण

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या गावाला लाज वाटेल अशी काही खात्री नाही, आणि बायनाबाईचं गेलेलं तर त्यानं परत येणारच नाही. पेडगाव स्टेशनावर उतरून बैलगाडीनं दोन कोस गेलं की ते लागायचं, एवढं पुरे.

त्या गावाला एक खाजगी हायस्कूल होतं आणि गावाला त्याचा मोठा तोरा होता. किशनरावांनी एकोणसाठ साली संस्था काढली तेव्हा गावानं वाटण्या करून शाळा उभी केली. कुणी जागा दिली, कुणी सागवान दिलं, कुणी पत्रे. बौद्धवाड्याकडं द्यायला हातांशिवाय काही नव्हतं, म्हणून त्यांच्या वाट्याला विहीर आली. चाळीस हात काळा पाषाण त्यांनी फोडला. अडतिसाव्या हातावर एक सुरुंग उशिरा उडाला आणि बायनाबाईचा नवरा आश्रुबा तळातच गेला. पुढच्या आठवड्यात पाणी लागलं. नारळ फुटला, किशनरावांच्या वडिलांच्या नावाची फरशी बसली, आणि ज्यांनी विहीर खांदली त्यांना सांगण्यात आलं की आता काठाला यायचं नाही.

किशनराव मयतीला मात्र आले होते. लांब उभे राहून म्हणाले, "बायना, रडू नको. शाळेला सरकारी ग्रँट लागू दे, तुला कायम करतो."

या एका वाक्यावर बाईनं तेरा वर्षं काढली. पोटी लेकरू नव्हतं. कायम झालं की म्हातारपणी कुणापुढं हात पसरायची पाळी येणार नाही, एवढीच तिची आशा. ती शाळा झाडायची, सडा घालायची, वर्ग शेणानं सारवायची. पिण्याचं पाणी तेवढं तिच्याकडं नव्हतं. रांजण भरायचा रामकिशन शिपायानं. सड्याचं पाणीही तोच लांबून तिच्या घागरीत ओतायचा. नवऱ्यानं खांदलेल्या विहिरीत तिनं एकदाही पोहरा सोडला नव्हता.

वर्षातला एक दिवस मात्र उलटा उगवायचा. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले की शाळेत भेदभाव नाही हे दाखवावं लागे. म्हणून त्या दिवशी रांजण बायनाबाई भरायची आणि गिलासही तीच पुढं करायची. साहेब प्यायचे, हेडमास्तर प्यायचे, अध्यक्ष म्हणून किशनरावही प्यायचे. तिच्या हातचं पाणी कसलं, अनुदान प्यायचे ते! खायचे दात वेगळे नि दाखवायचे वेगळे, आणि या गावाचे दोन्ही भक्कम होते.

साहेबांची गाडी शिवेबाहेर गेली की तांब्याचा गिलास निखाऱ्यावर शेकून शुद्ध व्हायचा. मातीच्या भांड्याला ती सोय नाही. मग रामकिशन एक धोंडा उचलायचा. पहिल्या वर्षी त्यानं बायनाबाईला सांगितलं, म्हशीनं धडक दिली. दुसऱ्या वर्षीही म्हैसच. तिसऱ्या वर्षी बाईच्या ध्यानात आलं की गावात इतकी आंधळी म्हैस नाही. खापऱ्या झाडायच्या तिनंच. अशा बारा रांजणांच्या खापऱ्या तिनं गोळा केल्या आणि तोंडातून ब्र काढला नाही. मला तिचा राग येतो. पण तिच्या जागी मी नव्हतो, आणि कायमचा कागद माझा अडकला नव्हता.

बहात्तर सालच्या जानेवारीत तो कागद खरोखर निघाला. हेडमास्तर म्हणाले, "बायना, औंदा तुझा कागद साहेबासंगं जायलाय. नीट वाग." बाईनं धुवट लुगडं नेसलं आणि रांजण काठोकाठ भरला. साहेबांनी पाणी पिऊन "थंड आहे" म्हटलं. कागद त्यांच्या बॅगेत गेला, तेही तिनं डोळ्यांनी पाहिलं.

गाडी शिवेपाशी पोचली, आणि साहेबांच्या ध्यानात आलं की चष्मा टेबलावरच राहिला. गाडीवानानं बैल वळवले. इकडं रामकिशनला कसला धीर! साहेब फाटकातून आत आले तेव्हा धोंडा त्याच्या हातात होता, रांजण दोन तुकडे होऊन पडला होता आणि पाणी ओसरीवरून खाली वाहत होतं.

साहेबांनी विचारलं, "हे काय?"

हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. रामकिशननं धोंडा पायापाशी ठेवला. किशनराव मात्र मुरलेले. ते शांतपणे म्हणाले, "बाईच्या हातून फुटला, साहेब. सांगा की, बायनाबाई."

तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला बायनाबाई म्हटलं, आणि बाई तिथंच फसली. तिनं मनात हिशोब केला. खरं बोलले तर ग्रँट जाईल, शाळाच बुडाली तर मी कुठली कायम? आज यांची अब्रू झाकली तर हे जन्मभर विसरायचे न्हाईत. भोळ्या माणसाला मोठ्यांच्या उपकाराच्या आठवणीवर फार भरवसा असतो.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "माझ्याच हातून फुटला."

साहेब काही दुधखुळे नव्हते. धोंडा त्यांना दिसत होता. पण आगगाडीची वेळ झाली होती, आणि खरं लिहायचं तर पुढं चार चौकश्या मागं लागतात. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, बॅगेतून तोच कागद काढला आणि उभ्या उभ्याच शेरा मारला: सदर बाई निष्काळजी, कायम करण्यास योग्य नाही. कागद हेडमास्तरांच्या हातात देऊन ते गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

खापऱ्या त्याही दिवशी तिनंच झाडल्या. मग फाटकापाशी किशनरावांची वाट पाहत उभी राहिली. "मालक, माझ्या कागदाचं?"

"तूच म्हनलीस न्हवं, माझ्या हातून फुटला म्हून? आता साहेबानं लिव्हलं, त्याला आमी काय करावं, बायना?" महिनाअखेर तिला झाडूही ठेवायला लावला.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. पुढल्या तपासणीपर्यंत गावातल्या साऱ्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या. एकट्या शाळेच्या विहिरीत तळाला हातभर पाणी उरलं होतं, आणि पोहऱ्यात निम्मा गाळ यायचा. बायनाबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तपासणीसाठी शाळेला नवीन बाई पाहिजे होती, म्हणून तिची धाकटी जाऊ पंचफुला हिला सांगावा आला. ती हरखून खडीच्या ढिगापाशी आली.

"अक्का, मालक म्हनलेत, तुला कायम करतो. पानी कसं द्यायचं असतंय तिथं?"

बायनाबाईच्या हातातला हातोडा थांबला. खरं सांगावं असं तिच्या मनात आलं. पण पंचफुलाच्या डोळ्यांत तिला चौदा वर्षांपूर्वीची बायना दिसली, आणि त्या बायनेनं तरी कुणाचं ऐकलं असतं का?

"गिलास बुडाला धरून दे," ती म्हणाली. "आन् रांजण काठोकाठ भरू नको. अर्धाच भर. लय पानी वाया जातंय."