दादाचं लॉगिन

पाणीपुरवठा केंद्रात तिला सगळे कॉपीबाई म्हणत. पंप आणि झडपा चालवणारे संगणक आता वेगवेगळे उरले नव्हते. दोन मोठ्या सर्व्हरांच्या पोटात ते सगळे आभासी होऊन नांदत होते. त्यांच्या प्रती काढायच्या, जपायच्या, आणि आपत्ती आली तर त्यांतून सगळं पुन्हा उभं करायचं, हे तिचं काम. तिचा सख्खा मोठा भाऊ तिथेच कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होता. "तुझं बरंय बाई," तो चिडवायचा, "काही बिघडलं तरच तू कामाची!"

दादा गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. त्याची खुर्ची कोणी हलवली नाही, आणि तिच्यावर पटकन कोणी बसतही नसे.

एका सकाळी कंट्रोल रूमचे सगळे पडदे एकदम काळे झाले आणि त्यांवर धमकीचा मजकूर उमटला. कोणीतरी बाहेरून शिरून दोन्ही सर्व्हरांना कुलूप घातलं होतं. नेटवर्कवरच्या प्रतीही गेल्या. पंपवाले धावत जाऊन हाताने झडपा फिरवू लागले. साहेब तिच्याकडे वळले.

"काहीच नाही उरलं?"

"एक डिस्क आहे. वायर काढून पलीकडच्या गोदामात ठेवलेली. पण जुनी आहे, आणि चालू करून कधी पाहिली नाही."

"मग आणा ना!"

तिने आणली, पण थेट जोडली नाही. जुन्या प्रतीला आजचं केंद्र माहीत नसतं. ती जुन्याच आज्ञा सोडत सुटली तर पाणी भलतीकडे जायचं. म्हणून एका कोपऱ्यातल्या खोलीत, कशालाही न जोडलेल्या सर्व्हरवर तिने डिस्कमधली प्रत उतरवून उघडली.

प्रत संगणक चालू असतानाच, त्या क्षणी पडद्यावर होतं त्या सगळ्यासकट घेतलेली होती. म्हणून केंद्र झोपेतून उठावं तसं जागं झालं, पण त्या जुन्या दिवसात. मध्यंतरी तोडून टाकलेली झडप हिरवी, उघडी दिसत होती. आणि वरच्या कोपऱ्यात, ऑपरेटर म्हणून, दादाचं नाव.

तो लॉगिन होता. खाली पाळीच्या निरोपाच्या चौकटीत त्याने टाइप केलेलं होतं: 'तीन नंबरचा पंप कुरकुरतोय, त्याला जरा'. पुढे काहीच नव्हतं. कर्सर लुकलुकत होता, जणू तो खुर्ची सरकवून आत्ता येतोच म्हणून उठला होता.

मान वळवून तिने मागे पाहिलं. दाराशी साहेब होते.

"जमेल?"

"जमेल," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

दुपारपर्यंत तिने आणि पंपवाल्यांनी मधल्या काळातला एकेक बदल आठवून त्या प्रतीत घातला. तोडून टाकलेली झडप त्यातून काढली. शेवटी दादाचं खातं. गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवायचं नसतं, हा नियम तिनेच लिहिला होता. बोट बटणावर ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली, मग दाबलं. कुलूप लागलेले सर्व्हर पुसून घेतल्यावर ही सुधारलेली प्रत त्यांवर चढवली. पंप पुन्हा कंट्रोल रूमचं ऐकू लागले.

त्यानंतर प्रत्येक प्रत वेगळ्या खोलीत उघडून पाहायचा शिरस्ता पडला. नव्या प्रती साधारण चालत. जुन्या डिस्कवर मात्र सगळं होतं तसंच होतं, दादाच्या नावासकट; ती तिने पुसली नाही. सावधगिरी म्हणून ठेवलीय, असं सांगितलं. एकटी असली की ती लावायची आणि त्या नावासमोर बसायची. घरी बोलणं कमी झालं, जेवण पानातच राहू लागलं.

वहिनीने ओळखलं, आणि खोदून विचारून डिस्कचं सगळं काढून घेतलं. एक दिवस ती केंद्रावर आली. "मलाही दाखव."

दोघी पडद्यासमोर बसल्या. वहिनीने ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तोंडावर पदर धरला. हसते की रडते, कळेना.

"बंद कर गं," ती म्हणाली. "तो एवढा वेळ गप्प कधी बसलाय का?"

तिने सर्व्हर बंद केला. पंख्यांचा आवाज हळूहळू विरत गेला. वहिनीने तिचा हात धरला, आणि दोघी खोलीतून बाहेर आल्या.