जेवायला थांब, येते मी

माझी मावशी कुठलीही गोष्ट दोनदा सांगते. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करता करता तिचा जन्म गेला. फलाट क्रमांक, सुटण्याची वेळ, मधले थांबे, हे सगळं एकदा म्हणायचं आणि लगेच पुन्हा म्हणायचं. घरीही तेच. “चहा गार होतोय. चहा गार होतोय.” मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाली, पहिल्यांदा माणूस फक्त मान वर करतो, ऐकतो तो दुसऱ्यांदा. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण तिने तेही दोनदा सांगितलं.

तिची मुलगी नववीत आहे. लहानपणी बिस्किट गालात साठवून ठेवायची म्हणून आम्ही तिला खार म्हणतो. हल्ली साठवणं संपलं, खाणं तेवढं उरलं. शाळेतून आली की दप्तर दारात, स्वतः पलंगावर पालथी, एका हातात फोन आणि दुसरा हात कुरकुरीत कशाच्या तरी पुडीत. मावशीची पाळी रात्री आठपर्यंत. मावसाजी लांब नोकरीला, महिन्याकाठी येणार. तेव्हा मावशी दोन गाड्यांच्या मधे आपल्या काचेच्या खोलीतून खारीला फोन करायची आणि घोषणेच्याच आवाजात झाडायची. शेवट मात्र ठरलेला. तिथे आवाज खाली यायचा. “जेवायला थांब, येते मी.” आणि खार, जी बाकी कशालाच दाद द्यायची नाही, ती ताटं पालथी घालून खरोखर थांबायची. दोघींचं जे काही होतं ते त्या जेवणात होतं.

त्याच सुमारास गावातल्या दवाखान्याने वयात येणाऱ्या मुलांसाठी फोनवर एक अ‍ॅप काढलं. वेळेवर झोपा, पाणी प्या, हालचाल करा, असं त्यातून कुणीतरी मधाळ आवाजात सांगायचं. मुलांनी दोन दिवसांत तो आवाज बंद करून टाकला. मीही टाकला असता. इतकं गोड बोलणाऱ्यांवर माझा मुळातच विश्वास नाही. ते काम बघणाऱ्या डॉक्टरीणबाई रोज बसने ये-जा करायच्या. एक दिवस त्या मावशीच्या काचेवर टकटक करून म्हणाल्या, तुमचा आवाज द्या.

मावशी नवी साडी नेसून गेली. औषधांच्या खोक्यांमधे बसवून तिच्यापुढे कागद ठेवला, तर तिने तो गाडीसारखाच वाचला. “मुलांनी कृपया लक्ष द्यावे.” डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि चहा सांगायला गेल्या. तेवढ्यात मावशीची खारीला फोन करायची वेळ झाली. माईक चालू राहिलाय हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “उठ आधी. उठ म्हणते ना. मान मोडेल अशाने. ती पुडी ठेव खाली, मला इथून ऐकू येतंय. पाणी पी आणि खाली जाऊन घाम येईपर्यंत खेळ.” सगळं दोनदा. आणि शेवटी ते वाक्य. हेच घेऊ का, असं त्यांनी विचारलं. पोरांचं भलं होणार असेल तर घ्या की, मावशी म्हणाली. खारीला विचारायचं तिला सुचलंही नाही.

मुलांना ते फारच आवडलं. सगळ्यांच्या घरी ओरडणारं कुणीतरी असतंच, पण दुसऱ्याची आई आपल्यावर ओरडते यात काही वेगळीच मजा असावी. बसस्थानकावरची पोरं काचेपाशी येऊन पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दाखवू लागली. फलाट क्रमांक सांगितला की बाकावरच्या दोन-चार पाठी आपोआप ताठ व्हायच्या. एका मुलाने तर कळवलं, “मावशी, जेवायला थांबलोय, पण आज भोपळा आहे, बघा बुवा.” मावशीचे पाय जमिनीवर नव्हते.

आणि खारीने तिचा फोन उचलणं बंद केलं.

मावशी आठला सुटून घरी यायची, तर खार जेवून, ताट धुऊन, भिंतीकडे तोंड करून पडलेली. विचारलं तर पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. असे बरेच दिवस गेले. एका दुपारी मावशीने घोषणा एकदाच केली. चालक खाली उतरून तिला बरं नाही का विचारायला आला. तेव्हा तिने मला बोलावून घेतलं.

शाळेत चिडवतात का, मी खारीला विचारलं. तसं काही नव्हतं. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे फोन आईच्या आवाजात बोलतात, त्याचंही तिला हसूच येत होतं.

“ओरडू दे ना सगळ्यांवर,” ती म्हणाली. “पण जेवायला थांब, हे ती मला म्हणायची, ताई. आता सगळ्या गावाला म्हणते. मग मी कशाला थांबू?”

मावशी स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे ऐकलं होतं. पण ती बाहेर आली नाही. बोलायचं असून न बोललेली मावशी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि मला तिची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांचा चेहरा पडला. त्या एका वाक्यामुळेच कितीतरी मुलं पुड्या सोडून घरच्यांबरोबर जेवायला लागली होती.

“बाकी सगळं ठेवा,” मावशी म्हणाली. “अजून ओरडून हवं असेल तर तेही देते. पण ते वाक्य माझं नव्हतं, मुलीचं होतं. तिला न विचारता मी ते वाटून टाकलं.”

डॉक्टरीणबाईंनी ते काढलं. तिथे आता त्यांच्याच आवाजात येतं, घरी कोण यायचंय ते बघ आणि त्यांच्यासाठी थांब. मुलं कुरकुरली, पण थांबतात म्हणे.

त्या संध्याकाळी मी मावशीच्या काचेच्या खोलीत बसले होते. तिने माईकचं बटण बंद केलं. मग परत एकदा बंद आहे ना ते पाहिलं. फोन लावला. बराच वेळ वाजला आणि उचलला गेला.

मावशीने सवयीने सुरुवात केली. उठ आधी, पाणी पी, खाली जा, सगळं दोन दोनदा. मग ती थांबली. “ते मी काढून घेतलंय,” ती म्हणाली, आणि आवाज खाली आणून, “जेवायला थांब, येते मी.”

दुसऱ्यांदा म्हणायला तिने तोंड उघडलंच होतं.

“थांबते,” खार म्हणाली. “ऐकलं मी.”