जनू कोतवालाची दुसरी दवंडी

आमच्या गावात दवंडी देणारे याआधीही झाले, पण दवंडीला स्वतःच्या पदरची ओळ जोडणारा जनू कोतवाल एकटाच. कचेरीचा कागद बोलून संपला की तो डफावर शेवटची थाप मारायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "मी सवता बघून आलोय हो!"

ही ओळ कुठल्याच कागदावर नसायची. जनूला अक्षर येत नव्हतं. शाळेतल्या मास्तरांकडून तो कागद दोनदा वाचून घ्यायचा, पाठ करायचा आणि मग जे पाठ केलं ते खरं आहे का, हे बघायला निघायचा. कुंडलिका नदीला पाणी सोडणार असं कागद म्हणाला, तर वरच्या बंधाऱ्यापर्यंत चालत जायचा. रेशनला साखर आली म्हणायची, तर आधी पोत्यात हात घालून यायचा. एकदा रॉकेल आल्याची दवंडी द्यायची होती. जनूनं जाऊन पिंपावर टकटक केलं, आवाज ऐकला आणि घरी येऊन आडवा झाला. तलाठी तणतणत आला, तर म्हणाला, "रिकाम्या पिंपाची दवंडी मी देत नाय. तुमी द्या."

अशा माणसाचा कचेरीला त्रास व्हायचा, पण उपयोगही तेवढाच होता. रोह्याहून निघालेला सरकारी शब्द नदी ओलांडेपर्यंत निम्मा होऊन जायचा. आमच्या गावात तो उभा राहायचा तो जनूच्या पायांवर. जनूजवळ जमीन नव्हती, गुरं नव्हती. जे होतं ते एवढंच, आणि ते किती आहे हे तो ओळखून होता. डफ काखेत मारून रस्त्यानं चालला की मान जरा ताठच असायची.

शहाऐंशी साली रशियात अणुभट्टी फुटली. गावानं ती बातमी रेडिओवर ऐकली आणि भातलावणीत विसरून गेलं. ती परत आली थंडीत, कुवेतहून, टेपच्या कॅसेटमधून.

आमच्या खालच्या मोहल्ल्यातला अहमद तिकडे कामाला होता. पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून तो आवाज भरून पाठवायचा. त्याची बायको ताजुन्निसा ओटीवर टेप लावायची आणि अर्धी आळी ऐकायला बसायची, कारण अहमद सगळ्यांची नावं घेऊन चौकशी करायचा. त्या खेपेला सलाम-दुवा झाल्यावर तो म्हणाला, "ताजू, बालवाडीत पोरांना परदेशी पावडरचं दूध देतात ना, ते देऊ नको. तू पण पिऊ नको. हितं सगळे बोलतात, त्या रशियाच्या वाऱ्याचं विष त्या मुलखातल्या दुधात उतरलंय. हितं पावडर तपासल्याबिगर घेत नाहीत."

टेप थांबली. मैना म्हातारी म्हणाली, "गो, वारा दुधात कसा शिरंल?"

"वारा चाऱ्यावर पडतो, चारा गाय खाते," कुणीतरी समजावलं.

"मंग रशियाची गाय रोह्याला कशाला आली मरायला?"

हसले सगळे. पण दुसऱ्या दिवशी बालवाडीतलं पातेलं भरलेलं राहिलं. पोरांना दूध आणि पोटुशा बायांना वाटीभर, असा तिथला नेम होता. ताजुन्निसाला पाचवा महिना होता. तिनं वाटी पालथी घातली. चार दिवसांत गावच्या सगळ्या बायांनी घातली.

मग कागद आला. मास्तरांनी वाचला: सदर पावडरमधील किरणोत्साराचे प्रमाण विहित मर्यादेत असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये, अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल.

"मर्यादेत म्हंजे?" जनूनं विचारलं. "हाय की नाय?"

"मर्यादेत आहे."

"ते आयकलं, मास्तर. हाय की नाय?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "जनू, जे लिहिलंय ते सांग. तू काय शास्त्रज्ञ आहेस?"

जनू एसटीनं पेणला गेला. पावडरचं गोदाम तिथं होतं आणि त्याचे साहेबही तिथंच बसत. साहेब चांगले होते, हे जनूनं पुढेही कधी नाकारलं नाही. त्यांनी त्याला दारातून हाकललं नाही. खुर्ची दिली नाही, पण आत उभं राहू दिलं.

"सायेब, त्यात ते हाय की नाय, एवढं सांगा."

साहेब हसले. त्यांनी शिपायाला हाक मारली, "बाबाजी, दोन चहा आण. आपल्या पावडरचा."

चहा आला. दुधाळ, वर साय धरलेला. साहेबांनी जनूच्या डोळ्यांदेखत कप रिकामा केला. "बघितलंस? आता तू पी."

जनू प्यायला. चवीला उत्तम होता.

सकाळी गावात डफ वाजला. कागद बोलून झाल्यावर जनू नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाला, "सायेब माझ्यासमोर पिले, मी पिलो! मी सवता बघून आलोय हो!"

ताजुन्निसा कमरेवर हात ठेवून दारात आली. "जनूभाऊ, खरंच बघितलंस?"

"ह्या डोळ्यांनी."

"मग आमचा माणूस काय येडा झाला तिकडं?"

"कुवेतात बसून त्याला पेणचा कप दिसतो व्हय गो, ताजूबाय?"

ती हसली, आळी हसली. त्या दिवशी पातेलं रिकामं झालं. ताजुन्निसाची वाटी सगळ्यांत आधी भरली गेली, कारण नवऱ्याच्या शब्दापेक्षा तिनं जनूचा शब्द वर ठेवला होता. आळीत असं कुणी केलं की त्याची आठवण राहते.

तीन आठवडे दूध चाललं. मग एका दुपारी जीप आली, दोघे उतरले आणि बालवाडीतली उरलेली पोती उचलून नेली. जनूनं जीपला आडवा हात घातला. "का नेता?"

"वरून हुकूम आहे."

"कशाचा?"

"प्रशासकीय कारण."

जनू पुन्हा पेणला. साहेब मीटिंगला गेलेले. शिपाई बाबाजी बाहेर बाकावर बसून शेंगा खात होता. जनूनं त्याला पोत्यांचं विचारलं, त्या चहाची आठवण काढली. बाबाजी मोकळा माणूस. त्याला वाटलं जनूला ठाऊकच असणार.

"खुळा का काय तू? ती पावडर कचेरीत शिवत कोण व्हतं? पलीकडच्या गोठ्यातलं म्हशीचं दूध ते. रतीब हाय आमचा."

जनू म्हणाला, "पण पांढरं व्हतं."

"दूध पांढरंच असतं, बाबा," असं म्हणून बाबाजीनं त्याच्यापुढे शेंगा धरल्या. जनूनं घेतल्या नाहीत.

पिंपावर टकटक करणाऱ्या, पोत्यात हात घालणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा अशी वस्तू भेटली होती, जी बघून कळत नव्हती. आणि ती बघितल्याचं तो गावाला सांगून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनूनं दवंडी दिली. कागद नव्हता, हुकूम नव्हता. देवळापासून मोहल्ल्यापर्यंत तो थांबत थांबत गेला. "ऐका हो! पावडरचं मी सांगितलं ते मी बघितलं नव्हतं. सायेब पिले ते म्हशीचं. पावडरीत काय हाय, काय नाय, मला कोणी सांगितलेलं नाय!"

त्याला वाटलं असेल की गाव त्याला जवळ करेल. चूक पदरात घेतो त्याला माणसं माफ करतात, असं आपण धरून चालतो. पण दारादारांत बाया उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडावर फक्त भीती होती. दूध पोटात गेलेलं होतं. या दवंडीनं ते बाहेर येणार नव्हतं.

"मंग पहिलं खोटं की आत्ताचं?" मैना म्हातारीनं विचारलं.

"पहिलं."

"आणि उद्या येऊन म्हनशील, आजचं."

पोरंटोरं त्याच्या मागे ओरडू लागली, "जनू, चा बघून आलास काय?" ती हाक पुढं लग्नामुंजीत, बाजारात, रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या पुलावर, सगळीकडे त्याच्या मागे फिरली.

महिन्याभरात नोटीस आली. रोह्याच्या कचेरीत त्याला उभं केलं. विनापरवाना दवंडी, लोकांत घबराट. तिथल्या साहेबांनी सरळ विचारलं, "पावडरमध्ये काही होतं, असं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय."

"मग?"

"नव्हतं, असं पण कोणी नाय सांगितलं, सायेब. तुमी सांगा. आत्ता डफ आणतो."

साहेबांनी मान खाली घालून लिहिलं. चुकीच्या समजुतीतून बोललो, एवढ्यावर अंगठा दिला असता तर कोतवाली राहिली असती. त्यानं दिला नाही. कोतवाली गेली. पुढे कचेरीचे निरोप कर्णा लावलेल्या रिक्षातून यायला लागले. ती रिक्षा न थांबता निघून जायची आणि लोक आपलं काम करत राहायचे.

ताजुन्निसाला मुलगी झाली. नाव आमना. वजनाला कमी, ओठांना निळसर झाक. अलिबागच्या डॉक्टरांनी काळजाचा दोष सांगितला. "असं जन्मतःच असतं, हजारात कुणाला तरी," म्हणाले. कशानं, असं विचारलं तर म्हणाले, "सांगता येत नाही." गावातल्या बाकीच्या पोरांना काही झालं नाही. ती दूध पिऊन धडधाकट वाढली, त्यातली काही पुढे डोलवीला कंपनीत लागली, आणि त्यांच्या धडधाकट असण्यानं कुणाला काही पटलं नाही. कुणी खोकलं की आई जनूच्या घराकडे बघायची.

सात महिन्यांची असतानाच आमना वारली. जनू मोहल्ल्याच्या कडेला उभा राहून मयत बघत होता. पुढे यायला त्याला कुणी सांगितलं नाही, आणि मागेही लोटलं नाही.

चाळीस दिवस झाल्यावर ताजुन्निसा त्याच्या अंगणात आली. जनू विळ्याला धार लावत होता. तो उठून उभा राहिला. शिव्या ऐकायची त्याची तयारी होती.

ती म्हणाली, "जनूभाऊ, मला एक सांग. त्या दुधानं झालं का?"

जनूनं विळा या हातातून त्या हातात घेतला.

"अहमद टेपमधून रडतो. म्हणतो, मी सांगितलं व्हतं, तू ऐकलं नाय. तू एकदा म्हण, दुधानं नाय झालं. तुझ्या तोंडून ऐकलं की मी त्याला तसं भरून पाठवते. मला पण झोप लागंल."

एका शब्दाचं काम होतं. खरं की खोटं, हे कुणी तपासणार नव्हतं. पेणमध्ये नाही, रोह्यात नाही. तो शब्द देताना दुसऱ्या कुणाचाही हात आखडला नसता. जनूच्या ओठांपर्यंत तो आला असेल, असं मला वाटतं, कारण त्यानं विळा खाली ठेवला आणि दोन्ही हात पुसले.

"मला ठावं नाय गो, ताजूबाय," तो म्हणाला.



"माझ्यासाठी खोटं बोलवंना तुला," ती म्हणाली. "सायबासाठी बोललास, तवा बरं जमलं."

आणि ती गेली. जनू पुढे अकरा वर्षं जगला. त्या अकरा वर्षांत तो कुणाशी हवापाण्याचंही बोलला नाही.