पातळ तेलाचा भरवसा

माझी बायको शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधते आणि मी शाळेत इतिहास शिकवतो. घरभर नटबोल्ट सांडलेले असतात. त्यांवरून घसरून मीच पडतो आणि वर बोलणीही मीच खातो.

पण ती कामाला बसली की मी गुपचूप बघत राहतो. इंजिनातला फिरणारा दांडा आणि त्याचं बेअरिंग यांच्यात केसाहून बारीक फट असते, असं तिने मला एकदा सांगितलं. त्या फटीत तेल शिरतं आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारा दांडा त्या तेलावर तरंगतो. लोखंडाला लोखंड लागतच नाही! मी थक्कच झालो, अजूनही होतो. तेलाच्या डब्यावरच्या दोन आकड्यांचं कोडंही तेव्हाच सुटलं. पहिला आकडा गारठ्यात तेल किती चटकन वाहील ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती दाट राहील ते.

यंदाचं इंजिन आमच्या लेकीच्या पहिल्या शर्यतीसाठी होतं. फटी अगदी बारीक ठेवलेल्या, म्हणजे तेल पातळच हवं. आदल्या दिवशी सराव झाला, तेव्हा तेलाच्या दाबाचा काटा पार वर गेला.

"वा, काय जोर आहे!" मी म्हणालो.

तिने फिल्टर काढून कापला. इंजिन चाललं की तेलाचा फिल्टर कापायचा आणि आतला घड्यांचा कागद उन्हात पसरायचा, ही तिची रीत. कागदावर बारीक चकाकी होती. बेअरिंगचा कीस.

"तेल अडत होतं म्हणून काटा वर होता," ती म्हणाली. "फटीत पुरेसं शिरतच नव्हतं. मी सगळ्यात दाट तेल ओतलं होतं."

"तू? आणि असं?"

"पोर बसणार ना आत. वाटलं, दाट तेल जास्त सांभाळेल तिला."

मला भरून आलं. दुसऱ्या कुणाच्या इंजिनात ही चूक तिने जन्मात केली नसती.

तिने इंजिन खालून उघडलं, बेअरिंग बदललं आणि पातळ तेल भरलं. ओतताना ती डब्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचत होती, आणि तिच्या खांद्यावरून मीही. एवढं पातळ तेल माझ्या पोरीला तारणार?

दुसऱ्या दिवशी शर्यत संपली आणि लेक धावत आली. "आई, कितवी आले विचार ना!"

"थांब गं." ती गरम फिल्टर कापत होती. कागद तिने उन्हात धरला, उलटसुलट करून पाहिला. कुठेच काही चमकलं नाही. मग तेलकट हातांनीच तिने लेकीला कवटाळलं आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.

पोर कितवी आली, हे विचारायचं आम्हा दोघांना सुचलं ते घरी पोचल्यावर.